हरभऱ्याच्या दिवसांतली मृणाल

हरभरा घाट्यावर आला, त्याच्या शेंगा भरू लागल्या, की मला एका बाईचा मत्सर वाटायला लागतो. वर्षाचे बाकीचे महिने ती माझ्या ध्यानीमनी नसते. सोयाबीन येतं, जातं, तूर उभी राहते, तेव्हा मी तिला विसरलेली असते. पण माघ लागतो, सकाळी शेतातून येणाऱ्या माणसांच्या धोतरांना, साड्यांना तो ओला आंबूस वास यायला लागतो, आणि ती येते. तिला मी कधी पाहिलेलं नाही. फोटोही पाहिला नाही. मागितला असता तर रामेश्वरनं दाखवला असता, म्हणून मागितला नाही. तिचं नाव मृणाल. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर कुठे मारलं तर चालतं आणि कुठे चालत नाही, हे माझ्या आधी तिला ठाऊक होतं.

हे असं सरळ लिहायला मला तीन वर्षं लागली.

आम्ही साखरखेर्ड्याला राहतो. बाजाराच्या रस्त्यावर एक लहानशी रक्त तपासणीची लॅब आहे, तिथे मी काम करते. दिवसभर माणसांचे हात माझ्या हातात असतात. मूठ आवळा, थोडं टोचेल, झालं झालं. रामेश्वर घरची शेती बघतो. त्याआधी तो सहा वर्षं पुण्याला एका कारखान्यात होता. आमचं लग्न उशिरा झालं, मी तेहेतीस, तो सदतीस. त्या वयात माणसाच्या मागे काहीतरी असणारच, हे मला कळत होतं. कळणं वेगळं आणि ते आपल्याच खोलीत आपल्यासमोर बसलेलं असणं वेगळं.

त्यानं मला सांगितलं तो दिवसही हरभऱ्याचाच होता. सुट्टी होती म्हणून मी शेतात गेले होते आणि हौसेनं सकाळच्या दवात हरभऱ्याची भाजी खुडली होती. पानांवरच्या आंबेनं, त्या आंबट खारानं, बोटांना बारीक चिरा होत्या तिथे आग आग होत होती. बांधावर बसून मी बोटं तोंडात धरत होते. रामेश्वर बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, “तुले सांगू का एक? राग तं नाई येणार?”

“काय?”

“मले दुखलेलं आवडते.”

मी लॅबवाली. मला आधी वाटलं याच्या अंगात काहीतरी कमी आहे. “काऊन? कुठी दुखून राह्यलं? उद्या ये लॅबमध्ये, बी-ट्वेल्व्ह करून घेऊ.”

तो इतका हसला की बांधावरून घसरला. आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तेव्हा मला समजलं की हा माणूस ही गोष्ट लग्न झाल्यापासून घशात धरून बसला आहे.

त्यानं हळूहळू सांगितलं. सुई नको, रक्त नको, सुईला तर तो लहान पोरासारखा घाबरतो. पाठीवर, खांद्यांवर बसलेला मार. आपल्या माणसाच्या हातचा, ठरवून दिलेला. तो म्हणेल तेवढाच, तो म्हणेल तिथपर्यंतच. त्यानंतर डोक्यातला सगळा गलका शांत होतो, म्हणाला. माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या नवऱ्यानं कंबरेच्या पट्ट्यानं मारलं होतं आणि तिला घरी आणायला मीच गेले होते. तिच्या दंडावरचे वळ मी शेकून दिले होते. मी त्याला तेच म्हणाले, की मारण्याचं असलं काही मला सांगू नको, मी ते पाह्यलेलं आहे.

तो पुन्हा बांधावर माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, “तिले कोनी विचारलं होतं काय?”

एवढंच. या एका प्रश्नावर मी आठवडाभर विचार केला. लॅबमध्ये कोणाच्या दंडाला पट्टी बांधताना, शीर शोधताना तो प्रश्न यायचा. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती थांब म्हणाली तेव्हा कोणी थांबलं नव्हतं. रामेश्वर मला विचारत होता, आणि मी नाही म्हटलं असतं तर तो विषय त्यानं पुन्हा काढला नसता, याची मला खात्री होती. कदाचित म्हणूनच मी हो म्हटलं. पण हो म्हणायच्या आधी मी एक प्रश्न विचारला, जो विचारला नसता तर बरं झालं असतं.

“हे तुले शिकवलं कोनं?”

“पुण्याले होतो तवा. मृणाल म्हणून होती. चार वर्षं सोबत होतो आम्ही.”

पुण्यात कोणीतरी होती, एवढं लग्नाआधी त्यानं सांगितलेलं होतं. नाव मी कधी विचारलं नव्हतं. आता नाव कळलं, आणि नावाबरोबर तिला हात आले, आवाज आला.

त्या वर्षीचा माघ मला दुपारींसाठी आठवतो. सासूबाई सकाळीच बाया घेऊन सोंगणीला, हरभरा कापायला जायच्या. गावात माणूस दिसायचा नाही. लॅब एक ते चार बंद असायची. कुठल्या तरी खळ्यावर मळणीयंत्र घरघरत असायचं आणि त्या आवाजात आमच्या खोलीतला आवाज बुडून जायचा. खिडकीतून भुसा उडून यायचा, आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायचा. चारचौघांत मी त्याला ‘अहो’ म्हणते. दोघंच असलो की ‘तू’ निघतं, आणि त्या खोलीत दाराला कडी लागली की नुसतं ‘तू’च. का, ते ठरवलेलं नव्हतं. कडी लागली की ‘अहो’ तोंडातून निघायचंच नाही.

त्याच्याकडे पुण्याहून आणलेला मऊ चामड्याच्या पट्ट्यांचा एक झुबका होता. मी तो बघितला आणि म्हणाले, हा माझ्या घरात नको. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. मग आम्ही दोघं बाजाराच्या दिवशी बैलांच्या साजाच्या दुकानात गेलो. मी चामड्याची रुंद, तेल प्यालेली मऊ वादी निवडली, दोन बोटांत दुमडून पाहिली, काठ कुठे टोचतो का ते पाहिलं. दुकानदार म्हणाला, “बैल किती हायेत ताई?”

“एकच,” मी म्हणाले.

रामेश्वर घाईघाईनं घुंगरं बघायला वळला. त्याचे कान लाल झाले होते. त्या क्षणी मी सुखी होते, मृणालशिवाय सुखी. तिनं असं काही त्याच्यासोबत केलं नसणार, बैलांच्या दुकानात उभं राहून हसू दाबलं नसणार. हा विचार माझ्या मनात आला याचाच अर्थ ती त्या दुकानातही होती.

त्यानं मला शिकवलं. पाठीचा कणा सोडायचा. मान सोडायची. फासळ्यांच्या खाली दोन्ही बाजूंना जिथे मूत्रपिंडं असतात तिथे हात चुकूनही जाऊ द्यायचा नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण वादी हातात घेतल्यावर पुस्तक आठवत नाही, म्हणून त्यानं माझा हात धरून स्वतःच्या पाठीवर ती हद्द फिरवून दाखवली. खांद्याच्या पात्यांवरचं मांस, तेवढंच. आधी स्वतःच्या हातावर मारून पाहायचं. हळू सुरुवात करायची, मधे थांबून विचारायचं. घोटभर दारूही प्यायलेली नको. रागात असलेल्यानं वादी उचलायचीच नाही. झाल्यावर एकट्याला सोडायचं नाही. अंगावर चादर, पाणी, गूळ, आणि जवळ बसायचं, तो बोलेपर्यंत. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं, कारण काही दुखणं दुसऱ्या दिवशी बोलतं.

तो हे सांगताना त्याची भाषा बदलायची. ‘मले, तुले’ करणारा माझा नवरा अचानक ‘तुला वाटलं तर थांब’, ‘माझ्याकडे बघ’ असं स्वच्छ बोलायचा. त्याला ते कळायचंही नाही. ज्या भाषेत शिकला त्याच भाषेत शिकवत होता. प्रत्येक वाक्यावर तिच्या बोटांचे ठसे होते. नवऱ्यानं आपल्याला स्वयंपाक शिकवावा आणि प्रत्येक पदार्थाला दुसऱ्या बाईच्या हातची चव असावी, तसं ते होतं.

आणि शब्द. थांबवण्यासाठी एक शब्द लागतो. ‘नको’ किंवा ‘पुरे’ तोंडातून असंच निघून जातं, त्याचा भरवसा नाही. म्हणून असा शब्द, जो दुसऱ्या कशासाठी येणारच नाही. त्यांचा शब्द होता ‘अबोली’.

“अबोली? आपल्या इकडे कोन माळते अबोली?”

“शब्द हाय नुसता.”

“ती माळत होती?”

“नाई वं.”

“मले नको तो शब्द. सरकी म्हण.”

“सरकी? ते तं म्हशीले चारतो आपण.”

“मंग लक्षात राहीन.”

तो हसला आणि सरकी ठरलं. त्या महिन्यात एकदाही तो शब्द वापरायची वेळ आली नाही. मी त्याच्या पाठीचं ऐकायला शिकले होते. श्वास कुठे अडकतो, खांदा कुठे आपोआप वर येतो, कातडी कधी गुलाबी होते आणि कधी त्याच्यापुढे लाल व्हायला लागते. झाल्यावर तो चादरीत गुरफटून भिंतीला टेकायचा, त्याचा चेहरा विशीतल्या माणसाचा व्हायचा. एकदा माझा हात गालाला लावून तो म्हणाला, “तुह्या हाताले स्पिरीटचा वास येते.” कोणी माझं इतकं सुंदर वर्णन केलं नव्हतं. मी ही गोष्ट त्याच्यासाठी म्हणून सुरू केली होती. पण कोणी आपली पाठ इतक्या विश्वासानं आपल्या स्वाधीन करतं तेव्हा आपल्यालाही काहीतरी मिळतं. त्याला काय म्हणावं मला अजून सापडलेलं नाही.

फाल्गुनाच्या तोंडावर, सोंगणी संपत आली होती तेव्हाची एक दुपार. तो हात-पाय धूत होता आणि त्याचा फोन खाटेवर वाजला. मी पाहिलं. मृणाल. ‘कसा आहेस? सुखी आहेस ना?’ एवढंच होतं. वर त्यांचं जुनं काही नव्हतं, फक्त चार महिन्यांपूर्वीची एक दिवाळीची शुभेच्छा होती. तो लपवत नव्हता. लपवत असता तर फोन उघडा टाकून गेला नसता. हे सगळं मला त्याच क्षणी कळलं, आणि तरी ‘सुखी आहेस ना’ हे शब्द मला बाभळीच्या काट्यासारखे रुतले. ही कोण विचारणारी? तिनं शिकवलेलं मी नीट करते की नाही, हे तपासते आहे का?

तो आत आला. वादी बाहेर काढण्याआधी तो नेहमी विचारायचा, तसं विचारलं. “मन ठीक हाय ना तुहं?”

“ठीक हाय,” मी म्हणाले.

माझी चूक तिथे झाली. पुढचं सगळं त्या चुकीमागून आलं.

मी जागा चुकले नाही. खांद्यांच्या पात्यांवरच मारत होते. पण हात माझा नव्हता. मधे थांबून विचारायचं मी विसरले, खरं तर विसरले नाही, टाळलं. त्याचा श्वास अडकला तो मी ऐकला. खांदा वर आला तो पाहिला. आणि तो म्हणाला, “अबोली.”

कसं सांगू? तो त्याच्या डोक्याच्या तळातून आलेला शब्द होता. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात जो आधी बसलेला असतो तोच तोंडी येतो. पण मला ऐकू आली ती मृणाल. माझ्या खोलीत, माझ्या हाताखाली, माझा नवरा तिला हाक मारत होता. मी थांबायला हवं होतं. आणि आणखी एक बसला.

हात आधीच सुटला होता, असं मी म्हणू शकले असते. हा आपला ठरलेला शब्दच नव्हता, असंही म्हणू शकले असते. दोन्ही मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं आहे. हात सुटलेला नव्हता.

मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “सरकी.”

मी वादी टाकली. चादर घेऊन जवळ गेले तर तो बाजूला सरकला. ओरडला नाही. सदरा घालताना त्याला दुखलं, मी पाहत राहिले. पाण्याचा तांब्या मी त्याच्यासमोर ठेवला, तो त्यानं घेतला नाही. मी म्हणाले, “तू तिचा शब्द बोल्लास.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “शब्द कोनाचाबी राहो. थांब म्हटलं तं थांबा लागते ना?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. मला माझ्या बहिणीचे दंड आठवले. मी मारणाऱ्याच्या बाजूला कधी उभी राहीन असं मला वाटलं नव्हतं.

पुढचे आठ-दहा दिवस तो दिवस मावळेपर्यंत शेतातच राहायचा. सासूबाई म्हणायच्या, “हरबरा तं निंगाला, आता काय करते हा तिथी?” मी पोळ्या लाटत राहायचे. लॅबमध्ये शीर सापडायला वेळ लागायचा. एका म्हातारबाबांना दोनदा टोचावं लागलं, त्यांनी हात तसाच पुढे धरला आणि मीच रडकुंडीला आले. मी रामेश्वरची माफी मागितली होती. तो ‘हो’ म्हणाला होता. पण जवळून जाताना अंग चोरायचा, अगदी थोडं, त्याला स्वतःला कळणार नाही इतकं. मला कळायचं.

मग एका सकाळी त्यानं माझ्या फोनमध्ये मृणालचा नंबर टाकला. “बोल तिच्याशी. तिले इचारलं मी, हो म्हणे. आमच्यात आता काई नाई हे मी सांगीन तं तुले खोटं वाटीन.”

मी दुपारी लॅबचं शटर अर्धं ओढून फोन लावला. आवाज माझ्या कल्पनेपेक्षा वयानं मोठा, जरा थकलेला होता. तिनं मला ‘तुम्ही’ म्हटलं. मी भांडायच्या तयारीनं बसले होते, आणि का कोण जाणे, सगळं खरं सांगून टाकलं. मेसेज, ‘ठीक हाय’, तिचा शब्द, नंतरचा एक.

मग तिनं विचारलं, “तो शब्द त्यानं खरंच वापरला?”

“हो.”

“माझ्यासमोर कधीच नाही वापरला. चार वर्षांत एकदाही नाही. मी विचारायचे, बास का? तर म्हणायचा, चालू दे. मला कळायचं की याला सोसत नाहीये. मी आपणच थांबायचे. पण शेवटी शेवटी मला माझ्या हाताचीच भीती वाटायला लागली. जो माणूस थांब म्हणत नाही त्याच्यासोबत हे करता येत नाही हो. मी म्हणूनच बाजूला झाले.”

मला जो आनंद झाला त्याची मला आजही लाज वाटते. म्हणजे तो शब्द तिनं शोधला, पण तो ऐकला मी. तिच्या चार वर्षांत तिला जे मिळालं नाही ते मला एका महिन्यात मिळालं होतं. शटरच्या खालून आलेल्या उन्हात बसून मी जिंकल्यासारखी हसले. आणि लगेच पुढची गोष्ट कळली. आयुष्यात पहिल्यांदा माझा नवरा कोणाला तरी थांब म्हणाला होता, आणि ती कोणीतरी थांबली नव्हती.

संध्याकाळी मी त्याला विचारलं, तिच्यासमोर का नाही म्हणालास कधी? तो ओसरीच्या पायरीवर चपलेतली माती झाडत होता. “तिथी वाटे, थांब म्हटलं तं ती म्हणीन, गावाकडला हाय, येवढंच सोसते. बोलाची लाज, कपड्याची लाज, त्यात हे आनखी. तुह्यापाशी तसं नाई वाटलं.” मग म्हणाला, “म्हणून तं जास्त लागलं.”

त्या वर्षी वादी पुन्हा निघाली नाही. मी ती मागितली नाही, तो बोलला नाही. पावसाळ्यात कधीतरी त्याचं अंग चोरणं थांबलं. कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही, एके दिवशी जाणवलं की थांबलेलं आहे. पुढच्या माघात त्यानंच विचारलं. आम्ही सगळं पहिल्यापासून बोललो, अनोळखी माणसांसारखं. कोणताही शब्द चालेल असं ठरलं. सरकी, अबोली, नको, नुसतं हं. ज्यानं ऐकलं त्यानं थांबायचं आणि मग विचारायचं. पहिल्या दुपारी मी इतकी हळू मारत होते की तो म्हणाला, माशा हाकलून राह्यली काय. दोघंही हसलो आणि त्या दिवशी तेवढंच झालं. त्याला वादी लागली नसेल इतकी ती भित्री दुपार मला लागली.

मत्सर गेला का? नाही. बाई चांगली निघाली म्हणून मत्सर जात नाही, उलट त्याला धरायला जागाच उरत नाही आणि तो घरभर फिरतो. यंदाही हरभरा घाट्यावर आला. सासूबाईंनी हिरव्या घाट्यांचे सोले काढून आणले, सोलेभात झाला, गावावर तो आंबूस वास पसरला, आणि ती आली.

गेल्या आठवड्यातली दुपार. कडी लागली. रामेश्वरनं विचारलं, मन ठीक हाय ना तुहं? मी खरं सांगितलं. “नाई. आज ती हाय माह्या मनात. आज हात लावत नाई मी.”

“बरं,” तो म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. “मंग काय म्हणते ती? सांग तं खरं.”

आणि मी सांगायला लागले. तीन वर्षांत पहिल्यांदाच सगळं. तुझी भाषा बदलते तेव्हा मला परकं वाटतं, हे सांगितलं. तिनं तुला कसं हात लावून शिकवलं असेल ते मी चित्रासारखं पाहते. तू आजारी पडलास तर आधी तिला आठवशील असं वाटतं. तिनं तुला सोडलं नसतं तर तू इकडे आलाच नसतास, मी उरलेली म्हणून मिळाले असं वाटतं. वाक्यामागून वाक्य येत गेलं. त्यानं समजूत घातली नाही. पण त्याचा चेहरा बदलत गेला. ही त्याला आवडणारी वेदना नव्हती, ती पाठीवर घेता येत नाही आणि तिला मोजून हद्दही घालता येत नाही. ‘उरलेली’ या शब्दाला तर त्यानं डोळेच मिटले. मला त्याचा श्वास अडकलेला ऐकू आला.

मी मधेच बोलायची थांबले. विचारलं, “पुरे करू का?”

त्यानं डोळे उघडले, थोडा वेळ घेतला, पुरता श्वास घेतला.

“नाई,” तो म्हणाला. “बोल.”